आजारी माणसाला घरी ठेवावे की शुश्रूषा केंद्रात: प्रेमाआधी तासांचा हिशेब

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले. त्यामुळे घरातील म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणाची काळजी आता मिटली, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च उचलते आणि त्याला जोडून दाखल होण्याआधीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरते. त्यानंतर वडिलांना अंघोळ कोण घालणार, रात्री त्यांची कूस कोण बदलणार आणि हे किती महिने चालणार, या प्रश्नांना ती योजना उत्तर देत नाही, कारण ती त्यासाठी आखलेलीच नाही. मग एखाद्या संध्याकाळी डॉक्टर सांगतात, ‘पेशंट स्टेबल आहे, उद्या डिस्चार्ज घ्या,’ आणि पुढच्या काही वर्षांचा निर्णय घरच्यांना एका रात्रीत घ्यावा लागतो.

हा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा माया विरुद्ध निष्ठुरपणा असा मांडला जातो. घरी ठेवले तर मुले चांगली, बाहेर ठेवले तर वाईट, असे सरळ गणित असते. माझ्या मते या गणितात खरा प्रश्नच हरवतो. आजारी माणसाला चोवीस तासांत कोणती मदत किती वेळा लागते आणि ती करणारे हात प्रत्यक्षात किती आहेत, हा तो प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कागदावर मांडता येते.

उपचार वेगळे, शुश्रूषा वेगळी

पावसाळ्यात स्लॅब गळू लागला की गवंडी एकदा येतो, भेग बुजवतो आणि पैसे घेऊन जातो; पण भेग बुजवण्यासारखी नसेल, तर खाली बादली ठेवून ती दिवसातून चार वेळा आणि रात्रीतून दोन वेळा रिकामी करणारे कोणीतरी घरात असावे लागते. गवंड्याचे काम म्हणजे उपचार आणि बादलीचे काम म्हणजे शुश्रूषा. आपली आरोग्यव्यवस्था आणि आपला विमा हे दोन्ही गवंड्याचे पैसे देण्यासाठी बनले आहेत. खासगी आरोग्य विम्याच्या पॉलिसीतही ‘वगळलेल्या बाबी’ या भागात एक ठरावीक कलम असते. अंघोळ, कपडे, हालचाल अशा दैनंदिन गोष्टींसाठी घरी किंवा केंद्रात घेतलेल्या मदतीचा खर्च मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. काही पॉलिसींमध्ये घरी घेतलेल्या उपचारांचा खर्च मिळतो. पण ती सोय ज्यासाठी एरवी रुग्णालयातच दाखल व्हावे लागले असते अशा आजारासाठी असते, घरी सांभाळायला ठेवलेल्या मावशींच्या पगारासाठी नसते.

शुश्रूषेची गरज मोजण्याची एक जुनी आणि सोपी पद्धत आहे. अमेरिकन डॉक्टर सिडनी काट्झ यांनी १९६३ मध्ये ती मांडली आणि आजही वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर तिचा आधार घेतात. अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचालय वापरणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, लघवी व शौचावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे, अशी ही सहा कामे आहेत. यांतील कोणती आजारी माणूस स्वतः करतो, कोणत्यात आधार लागतो आणि कोणती पूर्णपणे दुसऱ्यालाच करावी लागतात, हे एका कागदावर लिहून काढावे. अंघोळ आणि कपडे ही ठरलेल्या वेळेची कामे असल्यामुळे सकाळी दोन तास येणारी बाई ती सांभाळू शकते. पलंगावरून उठवणे आणि लघवी-शौच यांना मात्र वेळेचे बंधन नसते. घराची ताकद संपते ती बहुधा या दोन कामांवर, आणि म्हणून निर्णय घेताना मी त्यांना बाकीच्या चारांपेक्षा जास्त वजन देईन.

आजार कोणत्या दिशेने जाणार आहे?

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारण्याचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न औषधांचा नसतो. सहा महिन्यांनी हा माणूस आजच्यापेक्षा बरा असेल, असाच असेल की जास्त परावलंबी असेल, हे स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.

खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर सुधारणेला वाव असतो. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते, त्यामुळे त्या काळात फिजिओथेरपी रोज आणि नीट मिळणे, हे घर की केंद्र या वादापेक्षा मोठे आहे. घरी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येऊ शकत असेल आणि पुनर्वसन केंद्रात ती रोज मिळत असेल, तर काही आठवडे तिथे राहून मग घरी येणे हाच शहाणपणा ठरतो. हे ‘ठेवणे’ नव्हे, उपचारांचाच तो पुढचा भाग आहे.

स्मृतिभ्रंश आणि कंपवात हे आजार उलट्या दिशेने जातात. तेथे घरापासून सुरुवात करणे योग्य असते, कारण ओळखीची खोली, ओळखीचे आवाज आणि ठरलेला दिनक्रम हाच त्या माणसाचा आधार असतो आणि अचानक जागा बदलली की गोंधळ वाढतो. पण संध्याकाळ झाली की अस्वस्थ होणे, रात्री दार उघडून बाहेर पडणे, गॅस सुरू ठेवणे, अंघोळीला नेताना अंगावर धावून येणे असे प्रकार सुरू झाले, की घर सुरक्षित राहत नाही. तो टप्पा येणार हे आधीच माहीत असल्यामुळे केंद्राची चौकशी गरज पडण्याच्या वर्षभर आधी करून ठेवता येते. प्रत्यक्षात ती घाईच्या आठवड्यातच केली जाते आणि मग मिळेल ती जागा घ्यावी लागते.

तिसरा प्रकार बरा न होणाऱ्या कर्करोगासारख्या आजाराच्या शेवटच्या काळाचा. येथे वेदनाशामक सेवा हा शब्द माहीत असावा: आजार बरा करण्याऐवजी दुखणे, धाप आणि मनाचा त्रास कमी करणारी वैद्यकीय सेवा. मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन १९८६ पासून असे रुग्ण सांभाळत आहे. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना ही सेवा विनामूल्य देते आणि घरच्यांनाही शुश्रूषा शिकवते. अशा पथकाचा आधार आणि दुखण्यावर योग्य औषध असेल, तर शेवटचे आठवडे घरी काढणे लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक शक्य असते.

आठवड्याचे १६८ तास

आता हाताचा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांची बाई घेतली आणि तिने एकही सुट्टी घेतली नाही असे धरले, तरी ८४ तास भरतात. उरलेले ८४ घरच्यांचे. ‘मग चोवीस तासांची बाई ठेवू’ हा उपाय ऐकायला पूर्ण वाटतो, परंतु चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास घरात असणारी बाई, चोवीस तास जागी असणारी नव्हे. दिवसभर राबलेली बाई रात्री झोपणार, आणि तिने झोपावे हेच योग्य. रात्री दर दोन तासांनी काम असेल, तर दोन पाळ्या लागतात, म्हणजे महिन्याला साठ पाळ्यांचे पैसे. त्याखेरीज गणपतीत, शिमग्याला आणि दिवाळीत ती गावी जाते. ब्युरो बदली माणूस देण्याचे कबूल करतो, पण त्या दिवसांत सगळ्यांनाच बदली हवी असते, म्हणून त्या सुट्ट्यांत कोण घरी थांबणार, हे जूनमध्येच ठरवावे.

निर्णयाआधी एक आठवडा उशाशी वही ठेवावी आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती वेळा उठावे लागले, कशासाठी आणि कोण उठले, एवढेच लिहावे. आठवड्याने ती वही सगळ्या भावंडांनी वाचावी. रोज रात्री तीन-चार वेळा उठणे आहे आणि उठणारी व्यक्ती प्रत्येक वेळी एकच आहे, असे दिसले, तर ती व्यवस्था फार काळ टिकणार नाही असे मी धरून चालेन, मग ती व्यक्ती कितीही प्रेमळ असो.

बहुतेक घरांत ती व्यक्ती सून किंवा अविवाहित मुलगी असते. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ या शब्दाची व्याख्या मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात अशी आहे. सुनेचे नाव त्यात नाही. कायद्याने जिच्यावर जबाबदारी टाकलेली नाही, तिच्याच वाट्याला रात्री येतात आणि निर्णयाच्या बैठकीत चहा करायला तीच उठते. ती वही तिने लिहिलेली असावी आणि बैठकीत तिचे मत आधी विचारले जावे.

घरी काय जमते आणि काय शिकावे लागते

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वात मोठी चूक डोळ्यांसमोर, पण चादरीखाली घडते. एकाच जागी दाब पडून तिथला रक्तप्रवाह थांबतो आणि कातडी आतून मरू लागते. यालाच शय्याव्रण किंवा बेडसोअर म्हणतात. माकडहाड, टाचा, खुबे आणि खांद्यांची पाती या त्याच्या आवडत्या जागा. सुरुवातीला जखम दिसत नाही, फक्त लालसर डाग दिसतो. त्यावर बोट दाबून उचलावे. निरोगी कातडी क्षणभर फिकी पडून पुन्हा रंग घेते. डाग तसाच राहिला, तर बिघाड सुरू झाला आहे. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून त्या जागी हाताला जास्त उष्णता लागते का, कातडी कडक किंवा जांभळट झाली आहे का, हे पाहावे. यावर उपाय दर दोन तासांनी कूस बदलणे हा आहे. हवेची गादी त्याला मदत करते, त्याची जागा घेत नाही, हे गादी विकणारा सांगत नाही.

नाकातून पोटात घातलेल्या नळीने, म्हणजे राइल्स ट्यूबने, अन्न द्यायचे असेल, तर डोक्याकडची बाजू अर्धवट बसल्यासारखी उंच हवी, अन्न हळूहळू सोडले पाहिजे आणि नंतर अर्धा ते एक तास माणसाला आडवे करू नये. कामे उरकण्याच्या घाईत हाच शेवटचा अर्धा तास गाळला जातो, अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होऊन पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. नळी निघून आली, तर घरच्यांनी ती परत आत ढकलू नये, नर्सला बोलवावे.

हे सारे शिकता येते. डिस्चार्जच्या आधीचे दोन-तीन दिवस वॉर्डातल्या सिस्टरांसोबत उभे राहून, आपल्या हाताने करून, त्यांच्याकडून चुका काढून घेऊन शिकावे. ब्युरोकडून येणाऱ्या माणसाबाबत मात्र एक फरक नीट समजून घ्यावा. एएनएम किंवा जीएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम पूर्ण केलेली परिचारिका महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली असते. मावशी किंवा वॉर्डबॉय अनुभवी असू शकतात, पण ते परिचारिका नव्हेत. अंग पुसणे, डायपर बदलणे, भरवणे ही कामे मावशी उत्तम करतात. इंजेक्शन, लघवीची नळी बदलणे किंवा घशातील छिद्रातून कफ ओढणे यांसाठी नोंदणी क्रमांक मागावा. ब्युरोवाल्यांच्या भाषेत दोघीही ‘सिस्टर’च असतात.

केंद्र निवडताना काय पाहावे?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय, जिथे माणूस बरा होऊन घरी जातो. वृद्धाश्रम हे बहुधा स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतात आणि प्रवेशाच्या अर्जातच ते लिहिलेले असते. दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या माणसाला ठेवून घेणारी शुश्रूषा केंद्रे हा तिसरा प्रकार आहे, आणि या तिन्हींची नावे इतकी सारखी असतात की फोनवर पहिलाच प्रश्न ‘तुमच्याकडे पूर्ण बेडरिडन पेशंट किती आहेत?’ हा विचारावा.

भेटीला सकाळी अकराला जाऊ नये, तेव्हा सगळीकडे फिनेलचा वास आणि इस्त्रीचे गणवेश असतात. संध्याकाळी सहा-सातला, जेवणाच्या वेळी जावे. भरवणारी व्यक्ती एका वेळी किती जणांना भरवते, बसवून भरवते की आडवे ठेवूनच, हे पाहावे. रात्री किती जण जागे असतात, ही संख्या विचारावी आणि ती खाटांच्या संख्येशी ताडून पाहावी. एखाद्या रुग्णाच्या टाचा त्याच्या नातेवाइकाला परवानगी विचारून पाहता आल्या, तर त्या केंद्राच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतात. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, कोणाच्या गाडीने आणि तोपर्यंत सोबत कोण असणार, याचे उत्तर अडखळत आले, तर तिथे ठेवू नये. भेटीच्या वेळा फारच मोजक्या असतील, तर मला ती धोक्याची खूण वाटते. शिस्तीचे कारण पुढे केले जाते, पण नातेवाईक अवेळी येतो तिथेच शिस्त टिकते.

पैशाबद्दल थोडक्यात. केंद्राचा दर महिन्याचा सांगितला जातो, पण अनामत रक्कम, डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी आणि रुग्णवाहिका त्यात धरलेली आहे का, हे लेखी घ्यावे. घरचा खर्च मोजताना फक्त बाईचा पगार धरला जातो. वर-खाली होणारा पलंग, हवेची गादी, कमोडची खुर्ची, दिवसाला चार-पाच या हिशेबाने महिन्याचे एकशेवीस ते दीडशे डायपर आणि नोकरी सोडलेल्या माणसाचा बुडालेला पगार हेही त्यात मिळवावेत. मग दोन आकड्यांत वाटतो तेवढा फरक उरत नाही.

‘पण हे आईला टाकून देणे नव्हे का?’

कायद्याच्या भाषेत नव्हे. २००७ च्या कायद्याचे कलम २४ ज्येष्ठ नागरिकाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेही सोडून जाणे, हा गुन्हा मानते आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. मुख्य शब्द ‘हेतू’ हा आहे. जिथे मुले खर्च भरतात, येऊन भेटतात, डॉक्टरांशी बोलतात, तिथे टाकून देणे नसते. उलट घरातल्याच मागच्या खोलीत, ओल्या अंथरुणावर दुपारपर्यंत पडून राहिलेल्या आईला ‘घरी’ ठेवले आहे एवढ्यावर समाधान मानता येणार नाही.

‘घरच्यासारखे कोणी करणार नाही’ हा आक्षेप बराचसा खरा आहे. केंद्रातला माणूस आईला चहात आले किती लागते हे लक्षात ठेवत नाही. पण जी मुलगी रोज दहा वेळा डायपर, औषध आणि चादरी यांतच असते, तिलाही चहाजवळ बसायला वेळ उरत नाही. अंगमेहनतीचे काम दुसऱ्याच्या हाती दिल्यावर मुलगी पुन्हा मुलगी म्हणून येऊन बसू शकते, असे काही घरांत घडते. काही घरांत भेटी कमी होत जातात, हेही खरे आहे. म्हणून केंद्र निवडताना ते नावाजलेले असण्यापेक्षा रोज भेटणाऱ्या माणसाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असणे मी जास्त महत्त्वाचे मानतो.

‘आजारी माणूसच नको म्हणतो’ याला मात्र सोपे उत्तर नाही. ज्याची समज शाबूत आहे, त्याचा नकार हा त्याचा हक्क आहे आणि त्याला फसवून, ‘चार दिवस तपासणीला जाऊ’ असे सांगून नेऊ नये. त्याला नेमके काय नको आहे, हे विचारावे. कधी भीती मरणाची असते, कधी घर नावावरून जाण्याची, तर कधी फक्त तिथल्या परक्या जेवणाची. दोन आठवड्यांच्या तात्पुरत्या राहण्याची सोय अनेक केंद्रांत असते. लग्नकार्यात किंवा घरातील बाई गावी गेली असताना ती वापरून पाहिली, तर दोन्ही बाजूंना अंदाज येतो.

परदेशातल्या मुलांचा प्रश्न निराळा असतो. पैसा न्यू जर्सीहून येतो, तास नाशिकची बहीण देते आणि मते दोघांची सारखीच मोजली जातात. तास देणाऱ्याचे मत जड धरावे. दूरच्याने वर्षातून एकदा सलग तीन-चार आठवडे येऊन पाळी घ्यावी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ‘बाबा छान दिसतात’ म्हणणे थांबते.

सह्यांचे काम आधी

समज शाबूत असतानाच काही कागद करून घ्यावे लागतात, आणि बहुतेक घरे इथे उशीर करतात. मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, केले की झाले, असे मानले जाते. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज पडते, नेमके तेव्हाच ते निरुपयोगी ठरते आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. बँकेतील खाते त्याआधीच संयुक्त करावे. केवळ सही करता येत नसेल आणि समज असेल, तर अडचण लहान आहे: रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा चालतो.

कृत्रिम श्वासाचे यंत्र लावावे की नाही, अशा बाबतींतली आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ही लेखी इच्छा नोंदवता येते. शेवटचा काळ घरी काढायचा ठरला असेल, तर घरी येणारे एक डॉक्टर आधीपासून बांधून ठेवावेत. मृत्यू घरी झाला की मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो आणि ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलेच नाही, ते डॉक्टर पहाटे चार वाजता तो लिहून द्यायला तयार होत नाहीत.